अंधारातले ताट

टेक्सास राज्याची राजधानी ऑस्टिन हे शहर कोलोरॅडो नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेले आहे. राज्याचे विधानभवन, मोठे विद्यापीठ, रात्रंदिवस चालणारे गाण्याबजावण्याचे जलसे आणि गेल्या काही दशकांत वाढलेला संगणकाचा व्यवसाय, ही या शहराची ओळख. या व्यवसायाच्या निमित्ताने भारतातून अनेक कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. त्यांत जैन घरेही आहेत. मुले तिकडे, आईवडील इकडे. वर्षादोन वर्षांनी आईवडिलांची फेरी होते आणि मुलांचे नवे जग त्यांना जवळून पाहावयास मिळते.

सन 2019 च्या उन्हाळ्यात सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची आडत चालविणारे एक दांपत्य असेच मुलाकडे आले होते. ऑगस्ट उजाडला, तेव्हा चातुर्मास सुरू होऊन काही दिवस झाले होते. आईंचा रात्रिभोजनत्याग जन्माचा; त्यात चातुर्मासभर घराबाहेरचे अन्न घ्यावयाचे नाही, असा नियम त्यांनी निघण्यापूर्वीच घेतला होता. अण्णांचा नियम त्यामानाने सैल, पण दिवसा जेवण्याची सवय तीच.

एका शनिवारी आठ वर्षांच्या नातीने हट्ट धरला, की आज्जी-आजोबांनी तिच्याबरोबर सिनेमाला यावे. साधे थिएटर नव्हे. जेथे खुर्चीसमोर जेवण येते, ते. मुलाने जरा चाचरत सांगितले, की तेथे जेवणाबरोबर बिअरही मिळते.

"जिथं दारू मिळते तिथं माझं काय काम?" आई म्हणाल्या.

"अगं, विमानातसुद्धा शेजारचा माणूस पीतच होता की," अण्णा म्हणाले. "आपण आपल्या जागेवर बसायचं. नातीचं मन कशाला मोडतेस?"

नातीसाठी आई तयार झाल्या. मात्र आपण काही घेणार नाही, हे त्यांनी घरातच सांगून ठेवले. सूनबाईंनी दुपारी बारालाच त्यांचे जेवण उरकून दिले.

हे थिएटर म्हणजे अलामो ड्राफ्टहाउस. नदीच्या दक्षिणेस साउथ लामार नावाच्या रस्त्यावर त्याची एक शाखा आहे. या संस्थेचा इतिहास व्यापारी घरांनी ऐकावा असाच आहे. टिम आणि कॅरी लीग या पतिपत्नींनी प्रथम कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्ड येथे तेहोन नावाचे जुने थिएटर चालवून पाहिले. ते चालले नाही. तेव्हा खुर्च्या, प्रोजेक्टर, पडदा आणि ध्वनिवर्धक असा सगळा संसार ट्रकमध्ये भरून त्यांनी ऑस्टिन गाठले. तेथे एकेकाळी मोटारी ठेवण्यासाठी वापरात असलेल्या एका इमारतीत 1997 साली त्यांनी नवा मांड मांडला. आरंभी तेथे अन्यत्र दाखवून झालेले चित्रपट कमी दरात दाखवीत. चित्रपट शिळा, नवे होते ते खुर्चीपुढचे ताट.

त्यामागचे गणित सोपे आहे. तिकिटाच्या पैशातील मोठा वाटा चित्रपटाच्या वितरकाकडे जातो. खाण्यापिण्याचा पैसा मात्र थिएटरच्या गल्ल्यात राहतो. म्हणूनच जगभर सर्वत्र थिएटरातले पॉपकॉर्न महाग असते. लीग दांपत्याने पॉपकॉर्नवर न थांबता पूर्ण स्वयंपाकघरच थिएटरात आणले.

प्रवेशदालनात शिरताच आईंना एका बाजूस पिंपांना जोडलेल्या नळांची रांग दिसली. प्रत्येक नळाला वेगळी मूठ, वेगळे नाव. क्राफ्ट बिअर म्हणतात ती हीच. मोठ्या कारखान्यांची नव्हे, तर लहान लहान भट्ट्यांतून थोड्या प्रमाणात तयार होणारी. आपल्या गावची भट्टी म्हणून तेथील लोकांना तिचा अभिमान असतो. आईंनी नातीचे बोट धरले आणि सरळ पुढे चालू लागल्या.

आतील रचना पाहून अण्णा मात्र थबकले. खुर्च्यांच्या दोन रांगांमध्ये भरपूर अंतर, प्रत्येक रांगेपुढे अरुंद लांब टेबल, त्यावर भोजनपत्रिका, कोरे कागद आणि पेन्सिल. हवे ते कागदावर लिहावयाचे आणि तो टेबलाच्या कडेला उभा करून ठेवावयाचा. काळ्या कपड्यांतील वाढपी पाठ वाकवून येई, कागद उचली आणि एक शब्दही न बोलता निघून जाई. पडद्याच्या आड कोणी येत नसे, कोणाचा आवाज होत नसे.

भोजनपत्रिका वाचणे हे अमेरिकेत आलेल्या श्रावकाचे एक कामच होऊन बसते. बटाट्याच्या तळलेल्या काड्या तर उघड दिसतात. न दिसणाऱ्या गोष्टी अधिक. काही चीज घट्ट करण्यासाठी वासराच्या जठरातील रेनेट वापरतात. इटलीचे पार्मेझान त्यांपैकीच. सीझर नावाच्या सॅलडमध्ये नुसती पाने दिसतात, पण त्यावरील रसात बहुधा लहान मासे वाटलेले असतात. मार्शमॅलो ही पांढरी मऊ मिठाई सामान्यतः जिलेटिनवर बेतलेली असते, आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून निघते. पिझ्झाच्या लाल रसात कांदा-लसूण धरूनच चालावे. आणि गंमत म्हणजे रूट बिअर! नावात मूळही आहे आणि बिअरही. पण बाजारात मिळणारे हे गोड पेय सहसा मद्यार्कविरहित असते. एके काळी ससाफ्रास नावाच्या झाडाच्या मुळाच्या सालीने त्याला चव आणीत, त्यावरून हे नाव पडले.

मुलगा कागदावर लिहू लागला. आईंनी चष्मा लावला आणि दिवे मंद होण्यापूर्वी तो कागद हातात घेतला. ठळक इंग्रजी अक्षरांत चार ओळी होत्या. मांस नाही, अंडे नाही, कांदा नाही, लसूण नाही. शंका असल्यास विचारावे, अशी पाचवी ओळही होती. लिहिताना तो कोठे अडला नव्हता. आई आल्या म्हणून आज प्रथमच लिहिलेले हे अक्षर नव्हते.

कागद परत घेताना मुलगा हलक्या आवाजात म्हणाला, "आई, बटाटा मात्र मला सुटला नाही. इथं आल्यापासून खातो. ऑफिसच्या लोकांबरोबरही इथं येतो मी. पण त्या ग्लासाला कधी हात लावला नाही."

आई क्षणभर काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस."

दिवे मालवण्यापूर्वी पडद्यावर एक सूचना आली. चित्रपट सुरू असताना बोलू नये, मोबाईल काढू नये. एकदा समज दिली जाईल; दुसऱ्यांदा बाहेर काढले जाईल आणि तिकिटाचे पैसे परत मिळणार नाहीत. ही नुसती धमकी नव्हे. 2011 साली मोबाईलवर संदेश पाठवीत बसलेल्या एका प्रेक्षक स्त्रीला येथून बाहेर काढण्यात आले होते. तिने नंतर दूरध्वनीवर संतापून तक्रार नोंदविली, तेव्हा या मंडळींनी ती तक्रारच, तिचे नाव न सांगता, चित्रपटापूर्वी पडद्यावर ऐकविण्यास सुरुवात केली. लोकांनी टाळ्या वाजविल्या. एक गिऱ्हाईक गेले; शांतपणे चित्रपट पाहू इच्छिणारी शेकडो गिऱ्हाइके जोडली गेली.

चित्रपट सुरू झाला. अर्ध्या तासाने ताटे आली. अंधारात नातीने पिझ्झाकडे हात नेला, तोच आईंनी तो अलगद अडविला. पडद्यावर बर्फाचे मैदान आले आणि सभागृह क्षणभर पांढऱ्या उजेडाने भरले. तेवढ्यात आईंनी ताटात वाकून पाहिले. काळे काही दिसत होते, ती ऑलिव्हची चकती निघाली. मग त्यांनी नातीच्या हातात तुकडा दिला. पुढे दर घासाला हेच होऊ लागले. नातीलाही तो खेळ वाटला; ती उजेडाची वाट पाहू लागली. आईंनी स्वतः पाण्याचा घोटही घेतला नाही आणि वाढप्यानेही त्यांना एकदासुद्धा काही विचारले नाही.

सभागृहातून बाहेर आल्यावर टेक्सासच्या उन्हाने सर्वांचे डोळे दिपले. मोटारीत बसता बसता अण्णांनी शंका काढली. "बाहेर लख्ख ऊन होतं. आत मिट्ट काळोख. मग पोरांचं हे जेवण दिवसाचं म्हणायचं की रात्रीचं?"

"सूर्य बाहेर होता, ताटावर नव्हता," आई म्हणाल्या.

त्यांचे उत्तर शास्त्राला धरूनच होते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाव्रत दृढ करणाऱ्या पाच भावना सांगितल्या आहेत. त्यांपैकी शेवटची आलोकितपानभोजन, म्हणजे अन्नपाणी नीट पाहून मगच घेणे. रात्रिभोजनत्यागाचा संबंध याच भावनेशी जोडला जातो. घड्याळात वाजले किती, एवढाच तो प्रश्न नाही. ताटात कोण आहे, हे दिसते की नाही, हा प्रश्न आहे. ऑगस्टच्या आरंभी ऑस्टिनमध्ये सूर्य मावळण्यास रात्रीचे सव्वाआठ वाजून जातात आणि डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास अंधार पडू लागतो. परदेशी राहणारा श्रावक त्याप्रमाणे जेवणाची वेळ बदलतो. पण भर दुपारी विकत घेतलेल्या अंधाराचा विचार सहसा कोणी करीत नाही.

"पुढच्या वेळी घरी जेवूनच येऊ," मुलगा म्हणाला. "इथं नुसता सिनेमाही बघता येतो."

अण्णा मात्र वाटभर आपल्या आडतीच्या विचारात होते. "आपल्याकडं वजनकाट्याजवळ पाटी आहे, ओला माल घेणार नाही. पण जुना माणूस ओली पोती घेऊन आला की आपण मान खाली घालून घेतो. या लोकांनी पाटीही लावली आणि पाळलीही." त्यांच्या आवाजात कौतुक होते, थोडी रुखरुखही होती.

पाटी पाळणाऱ्यालाही वाईट दिवस चुकत नाहीत. पुढच्याच वर्षी करोनाच्या साथीने थिएटरे बंद पडली आणि मार्च 2021 मध्ये या कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. त्यातून ती सावरली. जून 2024 मध्ये सोनी पिक्चर्सने ती विकत घेतली. ज्या कंपनीने एकेकाळी दुसऱ्यांचे शिळे चित्रपट दाखविले, तिला चित्रपट बनविणाऱ्यांनीच घेतले. इमारती बंद होत्या तेव्हाही नावाची पत शिल्लक होती, एवढे त्यावरून म्हणता येते.

त्या शनिवारी संध्याकाळी सर्वांनी घरी उजेडातच भोजन केले आणि आठच्या सुमारास ते काँग्रेस अव्हेन्यूच्या पुलावर गेले. 1980 साली हा पूल नव्याने बांधला गेला, तेव्हा त्याच्या खालच्या अरुंद फटींत वटवाघळांनी घर केले. आज उन्हाळ्यात तेथे सुमारे 15 लाख वटवाघळे असतात. प्रारंभी लोक घाबरले, रोगराई पसरेल म्हणून त्यांना नष्ट करावे अशी मागणीही झाली. 1986 साली बॅट कॉन्झर्वेशन इंटरनॅशनल ही संस्था ऑस्टिनमध्ये आली आणि हे जीव निरुपद्रवी आहेत, उलट कीटक खाऊन उपयोगीच पडतात, हे तिने लोकांना पटविले. आता त्यांना पाहण्यासाठी कठड्याशी रोज गर्दी होते. ज्यांना मारावयाचे ठरत होते, ते शहराचे भूषण ठरले. हे ऐकून आईंनी नकळत हात जोडले.

सूर्य मावळला. पुलाखालून प्रथम एक, मग दहा, मग धुराच्या लोटासारखी वटवाघळे निघाली आणि नदीवरून पूर्वेकडे गेली.

"आज्जी, ती आत्ता जेवायला चाललीत ना?" नातीने विचारले. "त्यांना रात्री चालतं?"

"त्यांना अंधारातही कळतं, समोर काय आहे ते. कानांनी पाहतात ती," आई म्हणाल्या. "आपल्याला नाही कळत. म्हणून आपण आधी जेवून आलो."

नात कठड्याला टेकून बराच वेळ पाहत राहिली. घरी परतल्यावर मुलाने दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी काढून ठेवलेले बटाटे उचलून पुन्हा टोपलीत ठेवले. आईंनी ते पाहिले, पण त्या काही बोलल्या नाहीत.