रिकामा रकाना
शुक्रवारची संध्याकाळ. ऑफिसातून सगळे सटकलेले, मी मात्र सर्व्हेच्या डेटाला चिकटून. बायकांच्या पगाराचा अंदाज बांधायचा. पण पगार दिसतो फक्त नोकरी करणाऱ्यांचा! घरी थांबलेल्यांचं काय? हा हिशेब जेम्स हेकमन यांनी १९७९मध्ये मांडला, २०००मध्ये नोबेलही पटकावलं.

एकेक नोंद वगळून मॉडेल पुन्हा चालवलं. एकीपाशी आकडे धाडकन हलले. कोण ही? भरपूर शिकलेली, नोकरी न करणारी. पगाराचा रकाना रिकामा, तरी ‘नोकरी करेल का?’ या पहिल्या पायरीवरूनच तिने सगळ्यांच्या पगाराचं गणित हलवलं.

‘आउटलायर आहे, उडव,’ बॉस फोनवर म्हणाला.

बोट डिलीटवर होतं. आई आठवली. एमएस्सी होऊन माझ्यासाठी घरी बसलेली.

नोंद ठेवली. रिपोर्टात दोन्ही निकाल दिले, तिच्यासह आणि तिच्याशिवाय.