ओला अक्रोड

आपल्याकडे अक्रोड म्हणजे दिवाळीत येणाऱ्या सुक्या मेव्याच्या खोक्यातला सुरकुतलेला, किंचित कडवट तुकडा. साठी उलटून गेली तरी माझी त्याच्याशी तेवढीच ओळख होती. ओला अक्रोड खाल्ला तो 2018च्या सप्टेंबरात, लेकीकडे, कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात. जावयांनी मागच्या अंगणातल्या झाडाखालून तो उचलून आणला, वरची हिरवी साल काढली (या सालीने बोटं काळी होतात आणि पुढे कित्येक दिवस साबणाला दाद देत नाहीत), टरफल फोडलं, गरावरचा पिवळसर पापुद्रा नखाने सोलला आणि पांढराशुभ्र तुकडा माझ्या हातावर ठेवला. दुधाळ, कुरकुरीत, गोडसर. कडूपणाचं नाव नाही. कडूपणा सगळा त्या पापुद्र्यात असतो. गर ओला असतो तोवर पापुद्रा सुटतो, वाळला की असा चिकटून बसतो की तो कडवटपणा खाल्ल्यावाचून गत्यंतर नसतं.

मला तर एकदम हुरडाच आठवला! परभणीकराला हुरड्याचं महत्त्व सांगायला नको. मालदांडीची भाकर कितीही गोड लागो, हुरड्याला आमच्याकडे गूळभेंडी किंवा सुरतीच हवी. कणीस चोळलं की दाणा सहज सुटला पाहिजे आणि गोड लागला पाहिजे. वाळल्यावर ती ज्वारी कशी, हा प्रश्न वेगळा. आमच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी वसंत' नावाचं खास हुरड्याचं वाण काढलं, ते याचसाठी. अक्रोडाचंही तसंच आहे. वाळवून विकायचा तर गराचा रंग, वजन, टिकाऊपणा बघायचा. ओला खायचा तर पापुद्रा सुटतो का, टरफल हाताने फुटतं का, आणि कडाक्याची थंडी पडायच्या आत गर पूर्ण भरतो का, हे बघायचं. शिवाय ओल्या अक्रोडाला चार-आठ दिवसांत बुरशी धरते. म्हणून तो लांबच्या बाजारात दिसत नाही, झाडाच्या आसपासच्या माणसांनाच मिळतो.

हे झाड तिथे, बर्फात, आलं कुठून? जावयांनी सांगितलं आणि मग मीही वाचलं. पॉल क्रॅथ नावाचे टोरांटोचे एक ख्रिस्ती धर्मोपदेशक होते, मूळचे युक्रेनचे. कार्पेथियन डोंगरांतल्या कडक हिवाळ्यातही अक्रोडाची झाडं टिकतात हे त्यांनी पाहिलं आणि 1930च्या दशकात तिथलं बियाणं कॅनडात आणलं. त्या वंशातल्या अक्रोडांना अजूनही 'कार्पेथियन' म्हणतात. झोपेत असताना यांतली चांगली झाडं उणे 30 अंशांच्या आसपासची थंडीही सोसतात. झाडाला खरा धोका वसंतातला. चार दिवस ऊन पडलं की झाड फसतं, कोवळी पालवी आणि फुलोरा बाहेर काढतं, आणि एका रात्रीच्या हिमात सगळं काळं पडतं. म्हणून निवड करणारे लोक उशिरा जागं होणारं झाड शोधतात. मास्तरकीत आयुष्य गेल्यामुळे मला याची गंमत वाटली. उशिरा उठणाऱ्याला शाबासकी!

जावयांची निवडही चालू आहे. चांगल्या झाडांची फळं बी म्हणून लावायची, उगवलेल्या रोपांपैकी हिवाळा मारेल ती मारेल, उरलेल्यांना फळ धरायला आठ-दहा वर्षं द्यायची, मग चव घेऊन एखादं ठेवायचं. बीपासून आलेलं प्रत्येक झाड वेगळं निघतं. शिवाय एकाच झाडावर नर आणि मादी फुलं असली तरी ती बहुधा एका वेळी उमलत नाहीत, म्हणून शेजारी दुसरं झाड लागतं. काश्मीरमध्येही बहुतेक जुनी झाडं अशी बीपासूनच आलेली. त्यांतूनच 'सुलेमान', 'हमदान' अशी वाणं निवडली गेली. श्रीनगरच्या केंद्रीय शीतोष्ण फलोत्पादन संस्थेनेही अशाच निवडीतून वाणं दिली आहेत. सापडलेलं चांगलं झाड पुढे न्यायचं तर कलमच करावं लागतं.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या दिवाळीत पुतण्या म्हणाला, "काका, आपल्याकडे येणारा अक्रोड निघालाय म्हणे. दोन एकर लावतो." कुठल्याशा रोपवाटिकेचा माणूस मोबाइलवर फोटो दाखवून गेला होता. भाव ऐकून मी त्याला खाली बसवलं. अक्रोडाला हिवाळ्यात 7 अंशांखालचे निदान काही शे, बऱ्याच वाणांना हजाराच्या घरातले तास लागतात. तेवढी झोप झाली नाही तर डोळे धड फुटत नाहीत. पुतण्या म्हणाला, परभणीचा पारा तर पाच अंशांखाली जातो, पेपरात येतं. जातो, कबूल. पहाटे जातो आणि दुपारी अठ्ठावीसवर येऊन बसतो. रात्री जमलेली झोप दुपारचं ऊन मोडून टाकतं. जगात जर्मनी, भारतात परभणी हे ठीक, पण अक्रोडाला ते पटत नाही.

त्याने लगेच सफरचंदाचा दाखला दिला. तो खराच आहे. हिमाचलातल्या बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावच्या हरिमन शर्मांच्या अंगणात टाकलेल्या बियांतून एक रोप उगवलं, आणि जेमतेम 1800 फुटांवरच्या त्या उष्ण गावात त्याला सफरचंदं लागली. त्यातून 'एचआरएमएन-99' हे वाण आलं, महाराष्ट्रातही लागलं, आणि 2025 साली शर्मांना पद्मश्री मिळाली. पण त्यांनी काय केलं? दारातलं वेगळं झाड ओळखलं, वर्षानुवर्षं राखलं, कलमं करून पाहिली. फोटो बघून दोन एकर लावले नाहीत.

आमच्याही दारात एक आहे. वरच्या धुऱ्यावरचं सीताफळ. लावलेलं नाही, कुणीतरी खाऊन थुंकलेल्या बीचं. फळ मध्यम, पण बिया मोजक्या, गर घट्ट, आणि डोळे उघडल्यावरही दोन दिवस अंगात दम धरून राहतं. या भागातली सगळी नावाजलेली सीताफळं अशीच कुणीतरी झाड ओळखून पुढे आणलेली. अंबाजोगाईच्या संशोधन केंद्राचं 'धारूर-6' घ्या, की गोरमाळ्याच्या नवनाथ कसपट्यांचं 'एनएमके-1 गोल्डन' घ्या. आमचं त्या तोडीचं आहे असा माझा दावा नाही. पण 2015-16च्या दुष्काळात ते निम्मं वाळलं, आता बुंधा पोकळ झालाय, आणि ते गेलं की ती चव गेली. त्याच्या बिया लावून मी तीन झाडं वाढवली. तिन्ही गोड आहेत, पण आईसारखं एकही नाही. ते बघायचंच होतं.

पुतण्या दोन एकर धुऱ्यासकट साफ करणार होता. आठ दिवस घरात धुसफूस झाली. ही म्हणाली, पोरांच्या शेतात तुम्ही कशाला पडता. शेवटी असं ठरलं की अक्रोडाचं एकच रोप आणायचं, विहिरीजवळ, त्याची हौस म्हणून. धुरा तसाच राहील. आणि सीताफळाची गावठी खुंटरोपं पिशव्यांत तयार आहेत, चाळीस. पानगळ झाली आहे, डोळे अजून झोपेत आहेत. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या बघून ठेवल्यात, जिवंत फांदीवर बारा-पंधरा मिळतील. सोमवारी कलम बांधणारा येतोय. काड्या कापल्या की ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याच दिवशी पाचर कलम करायचं. निम्मी जगली तरी खूप. लेकीने फोनवर विचारलं, बाबा, फळ कधी धरेल? म्हटलं, तीन वर्षांनी. ती म्हणाली, मग तेव्हा दसऱ्याला येते. तिकीट लवकर काढ म्हणालो, त्या दिवसांत महाग असतं.