तुटकं आणा, जोडून पाहू नका

कारखान्यातून फोन आला की माझं पहिलं सांगणं ठरलेलं: तुकडे एकमेकांना लावून बघू नका, आणि पुसून तर मुळीच पाठवू नका. तरी बहुतेक पार्ट चकचकीत होऊनच येतात. पुसणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण तो गंज, ते तेल हाच आमचा पुरावा. भेगेच्या आत रंग उतरलेला दिसला की भेग रंगकामाच्या आधीची. तिथंच निम्मा वाद मिटतो.

नवी मुलं थेट इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपकडे धावतात. मी आधी तिरप्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी बघायला लावतो. शाफ्ट फटीगनं गेला असेल तर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा वळ्या दिसतात. त्या जिथून पसरतात तिथं भेगेचा उगम, बहुधा चावीच्या खाचेचा कोपरा. मायक्रोस्कोप लावायचा तो तिथं.

नमुना घासायचं काम मी अजून स्वतःच करतो. 220 पासून 1200 पर्यंतचे पेपर, दर पेपरला नमुना काटकोनात फिरवायचा, आधीचे ओरखडे गेले की मगच पुढचा. मग डायमंड पेस्ट, नमुना आरशासारखा होईपर्यंत. शेवटी नायटल, म्हणजे अल्कोहोलात दोनेक टक्के नायट्रिक आम्ल. आरसा जरा धुरकटला की लगेच नळाखाली. अंमळ उशीर झाला की सगळं काळं आणि पुन्हा पेपर. शेफील्डच्या हेन्री सॉर्बीनं 1860 च्या दशकात पोलाद असंच घासून, आम्लानं कोरून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं होतं. पद्धत मुळात तीच.

एकदा झिंक प्लेटिंग केलेले 12.9 ग्रेडचे बोल्ट आले. कसले तेव्हा ठणठणीत, सकाळी डोकी तुटून खाली पडलेली. केमिस्ट्री बरोबर, हार्डनेस बरोबर. भेग मात्र कणांच्या सीमांवरून गेलेली. संशय हायड्रोजनवर. प्लेटिंगच्या वेळी तो पोलादात शिरतो आणि ताण असेल तिथं हळूहळू गोळा होतो. म्हणून प्लेटिंगनंतर चारेक तासांच्या आत बोल्ट 200 अंशांच्या आसपास भट्टीत तापवायचे असतात. प्लेटिंगवाल्यांच्या केबिनमध्ये सगळ्यांनी बेकिंगचं रजिस्टर पुढं केलं. वेळा अगदी बिनचूक. इतक्या बिनचूक वेळा मला खटकतात.

चहाच्या टपरीवर भट्टीवाला भेटला. हवापाण्याच्या गप्पा झाल्यावर विचारलं, "दादा, लॉट रात्री उशिरा निघाला तर?"

"मग सकाळीच लागतो की भट्टीला. रजिस्टरात काय, आदल्या दिवसाची वेळ पडते."

अहवालात त्याचा उल्लेख केला नाही. भट्टीच्या तापमानाचे चार्ट मागवले. त्यांवरच्या वेळा पुरेशा होत्या.