पाथरीहून पेनगंगेपर्यंत

मनमाडहून निघालेली गाडी जालना मागे टाकून परतूरच्या पुढे आली, की रुळांच्या दोन्ही बाजूंना काळ्याभोर कसदार जमिनीचा अखंड विस्तार उलगडू लागतो, आणि माघातल्या त्या सकाळी, हुरड्याचा हंगाम सरून ज्वारीची कणसे पांढुरकी होऊ लागली असताना, या भूमीवर कधी काळी राज्ये भांडली असतील, फौजा फिरल्या असतील, गावे ओस पडली असतील, याची कल्पनाही मनाला शिवत नाही. सेलू येते, मानवत रोड येते, कापसाच्या गाठींनी भरलेली गुदामे आणि जिनिंगच्या गिरण्या दिसू लागतात, आणि थोड्याच वेळात गाडी परभणी जंक्शनात उभी राहते. विसाव्या शतकाच्या आरंभी निजाम सरकारने गोदावरीच्या खोऱ्यातून हैदराबादकडे नेलेला हा लोहमार्ग; याच मार्गाने सरकारी हुकूम या जिल्ह्यात आले आणि याच मार्गाने त्या हुकुमांना विरोध करणारी माणसेही आली.

परतूर आज जालना जिल्ह्यात मोडते. परंतु १९८१ साली तो जिल्हा निर्माण होईपर्यंत ते परभणीचेच होते, आणि म्हणूनच १९३७ साली तेथे भरलेल्या महाराष्ट्र परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचा मान परभणी जिल्ह्याकडे जातो. गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या त्या परिषदेतून मराठवाड्याच्या सार्वजनिक जीवनाला संघटित वाचा फुटली. जेथे बहुसंख्य रयतेची भाषा मराठी आणि दरबाराची, कचेरीची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती, तेथे मातृभाषेतून शिक्षण आणि रयतेला राज्यकारभारात काही अधिकार या मागण्या आज अगदी सौम्य वाटतात. परंतु पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती स्थापन होण्यापूर्वीच बंदी आली, सत्याग्रह झाला, कारागृहे भरली. सौम्य मागणी सौम्यपणे ऐकून घेण्याची जी संधी एखाद्या राज्याला मिळते ती वारंवार मिळत नाही, हे या प्रदेशाच्या इतिहासाचे पहिले वाक्य आहे.

परभणी शहरात उतरल्यावर सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याकडे जाणाऱ्या वाटेवर त्या दिवशी उरुसाची गर्दी होती. फेब्रुवारीच्या प्रारंभी भरणाऱ्या या उरुसात मलिद्याचा प्रसाद घेणाऱ्यांत हिंदूही असतात आणि मुसलमानही, आणि खेळण्यांच्या दुकानांपासून बैलांच्या साजापर्यंत सर्व वस्तूंची खरेदी-विक्री मराठी आणि दखनी यांच्या अशा मिश्रणातून चालते, की बोलणारा कोणत्या धर्माचा हे नुसत्या ऐकण्यावरून सांगता येऊ नये. हा शेजार पुरातन आहे आणि तो खरा आहे. तरीही एकदा, १९४७-४८ मध्ये, सुमारे वर्षभराच्या अवधीत, तो मोडून पडला. तो का मोडला आणि त्या काळी दिल्ली व हैदराबाद या दोन दरबारांत चाललेल्या वाटाघाटी त्याला का सावरू शकल्या नाहीत, हाच प्रश्न मनाशी धरून मी या जिल्ह्यात आलो होतो.

प्रश्न १९४७ चा असला, तरी मला प्रथम पाथरीला जावेसे वाटले, कारण या भूमीवरून झालेल्या राजनैतिक पत्रव्यवहाराची एक जुनी आणि बोधप्रद कथा तेथे घडली आहे. मानवतवरून पाथरीकडे जाणारा रस्ता उसाच्या आणि कापसाच्या शेतांतून जातो. आज पाथरीचे नाव साईबाबांचे जन्मस्थान म्हणून सांगितले जाते आणि भाविकांची ये-जा तेथे सतत असते. परंतु गावाच्या जुन्या भागातून हिंडताना माझे मन सोळाव्या शतकात गुंतले होते. बहामनी सल्तनत मोडून तिच्यातून जी नवी, कोवळी राज्ये उदयास आली, त्यांपैकी अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळपुरुष मलिक हसन हा धर्मांतरित ब्राह्मण, आणि त्याच्या पूर्वजांचे कुलकर्णीपण या पाथरीचे, असे इतिहासकार फिरिश्त्याने नोंदवून ठेवले आहे. पाथरी मात्र वऱ्हाडच्या इमादशाहीच्या अमलाखाली होती, आणि गंमत नव्हे तर इतिहासाचे गांभीर्यच असे, की त्या इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला हाही मूळचा हिंदू कुळातला होता.

बुऱ्हाण निजामशहाच्या दरबाराने अलाउद्दीन इमादशहाला पत्र पाठवले, की पाथरी परगणा आमच्या वडिलार्जित वतनाचा आहे, तो आम्हांस द्यावा आणि त्याच्या मोबदल्यात याहून अधिक वसुलाचा दुसरा परगणा घ्यावा. मागणी सभ्य होती, मोबदला वाजवी होता. तथापि इमादशहाने ती नाकारली आणि पाथरीची तटबंदी सुरू केली. परिणाम असा झाला, की १५१८ साली निजामशहाने पाथरी बळाने घेतली. पुढे तिच्यासाठी पुन्हा लढाई झाली, दोन्ही शेजारी राज्यांत वैर कायमचे मुरले, आणि अखेर १५७४ च्या सुमारास निजामशाहीने इमादशाहीच गिळून टाकली. एका परगण्याच्या अदलाबदलीने जे साधले असते, त्यासाठी अर्ध्या शतकाहून अधिक काळ रक्त सांडले. मात्र या साऱ्या पत्रव्यवहारात पाथरीच्या रयतेला कोणी एक शब्दही विचारला नव्हता. आणि मला वाटते, त्या काळाला तो दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही, कारण चारशे वर्षांनंतरही तोच दोष कायम राहिला.

पाथरीहून परभणीला परतून मी जिंतूरचा रस्ता धरला. जिंतूरजवळ नेमगिरीच्या टेकडीवर जैन लेणी आहेत, पलीकडे येलदरीच्या धरणात पूर्णेचे पाणी अडवलेले आहे, आणि पुढे औंढ्याला नागनाथाचे शिल्पसमृद्ध मंदिर लागते. तेथून हिंगोली, संत नामदेवांच्या नरसीच्या शेजारचे गाव. १ मे १९९९ रोजी हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला, त्यापूर्वी हा सारा मुलूख परभणीचाच होता, आणि त्याची उत्तर सीमा होती पेनगंगा.

ही सीमासुद्धा एका तहाने घडवलेली आहे. हैदराबादच्या निजामाच्या खर्चाने आणि इंग्रजांच्या हुकमतीखाली ठेवलेली ‘कंटिन्जंट’ फौज, जिची एक छावणी याच हिंगोलीत होती, तिचा खर्च थकत गेला, कर्जाचा डोंगर झाला, आणि त्याच्या फेडीसाठी १८५३ च्या तहाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली करण्यात आला. ज्या पेनगंगेच्या दोन्ही तीरांवर एकच भाषा, एकच सोयरीक आणि एकच बाजारहाट नांदत होती, ती नदी त्या दिवसापासून दोन राज्यांमधली हद्द झाली. अलीकडे निजामाची करोडगिरीची जकात आणि हाली शिक्क्याचे नाणे, पलीकडे इंग्रजांचा अंमल आणि कलदार रुपया. कनेरगाव नाक्याच्या पुढे वाशीमच्या वाटेवर पुलाशी मी थांबलो, तेव्हा नदीला पाणी थोडे होते आणि पलीकडचा काठ हाकेच्या अंतरावर होता. १९४८ साली मराठवाड्यातील असंख्य कुटुंबांनी अशाच हद्दी ओलांडून हिंदी संघराज्यात आश्रय घेतला, आणि स्टेट काँग्रेसचे सशस्त्र प्रतिकाराचे कॅम्पही हद्दीबाहेरच्या अशाच मुलखात उभे राहिले.

१९४७ च्या अखेरचा भारत हे स्वतःच एक अवघ्या काही महिन्यांचे, फाळणीच्या रक्तपाताने जर्जर झालेले राष्ट्र होते. काश्मीरमध्ये युद्ध सुरू झाले होते, निर्वासितांचे लोंढे येत होते, आणि देशाच्या मध्यभागी चांगल्या ब्याऐंशी हजार चौरस मैलांचे, सुमारे एक कोटी त्रेसष्ट लाख वस्तीचे हैदराबाद संस्थान स्वतंत्र राहू पाहत होते. येथे अंतर्गत युद्ध पेटले तर त्याची झळ साऱ्या दक्षिणेला लागेल, हे दिल्लीत सर्वांना कळत होते. म्हणूनच वाटाघाटी लांबत गेल्या. गव्हर्नर-जनरल माउंटबॅटन यांनी निजामाला मुदत वाढवून दिली, सर वॉल्टर माँक्टन यांच्यासारखा कसलेला कायदेपंडित हैदराबादच्या बाजूने मसुदे करीत राहिला, आणि ऑक्टोबरमध्ये निजामाच्या कार्यकारी मंडळाने कराराचा मसुदा मंजूरही केला. परंतु शिष्टमंडळ दिल्लीला निघायचे त्याच पहाटे, २७ ऑक्टोबरला, इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेच्या जमावाने सदस्यांच्या घरांना वेढा घातला आणि त्यांचे जाणे रोखले. पंतप्रधान छत्तारीचे नवाब पायउतार झाले. इत्तेहादचे नेते, लातूरचे वकील कासीम रझवी यांचा शब्द दरबाराच्या शब्दाहून जड ठरला.

अखेर २९ नोव्हेंबर १९४७ रोजी ‘जैसे थे’ करारावर सह्या झाल्या. मुदत एक वर्षाची. संरक्षण, परराष्ट्रसंबंध आणि दळणवळण यांची व्यवस्था १५ ऑगस्टपूर्वी होती तशीच चालावी, मतभेद लवादाकडे जावेत, आणि दोन्ही सरकारांचे प्रतिनिधी एकमेकांच्या राजधानीत असावेत. जानेवारीत कन्हैयालाल मुन्शी हिंदी सरकारचे एजंट-जनरल म्हणून हैदराबादेत दाखल झाले. कागदावर हा करार निर्दोष होता. परंतु संस्थानाने हिंदी नाणे बेचलन ठरवले, पाकिस्तानला वीस कोटींचे कर्ज दिले, शस्त्रे हवाई मार्गाने आणवली, आणि हिंदी संघराज्याने हद्दीवर मालाची कोंडी केली. दोन्ही बाजूंच्या तक्रारींच्या फाइली फुगत गेल्या. इकडे खेड्यांत इत्तेहादच्या सशस्त्र स्वयंसेवकांचा, रझाकारांचा, धुमाकूळ वाढला, तिकडे प्रतिकाराचे हल्ले वाढले. ३० जानेवारी १९४८ रोजी, गांधीजींच्या हत्येच्या दिवशीच, नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक क्रांतिकारकांनी लुटली. ऑगस्टमध्ये ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा, ते मुसलमान असूनही विलीनीकरणाची बाजू घेत होते म्हणून, हैदराबादेत भररस्त्यात खून झाला. जूनमध्ये माउंटबॅटन यांचा शेवटचा प्रयत्नही निजामाने नाकारला होता. हैदराबादची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे १६ सप्टेंबरला निघाली तेव्हा हिंदी सैन्य तीन दिवसांपूर्वीच संस्थानात शिरलेले होते. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती दिली.

दहा महिन्यांच्या त्या वाटाघाटींत कोणाची बुद्धी कमी पडली असे मला वाटत नाही. कमी पडले ते एवढेच, की ज्या मेजावर नवाब, गव्हर्नर-जनरल आणि कायदेपंडित बसले, त्या मेजावर परभणीचा शेतकरी, सेलूचा व्यापारी किंवा जिंतूरचा मुसलमान कारागीर यांच्यापैकी कोणालाही जागा नव्हती. स्वामी रामानंद तीर्थ यांच्यासारखा रयतेचा नेता त्या काळात बहुतांशी कारागृहातच होता. ज्यांनी शांतता पाळायची त्यांना वगळून ठरवलेली शांतता पहिल्याच परीक्षेत मोडते.

आणि मोडल्यानंतर तिची किंमत कोणी दिली, तेही सांगितले पाहिजे. ‘पोलीस कारवाई’ म्हटल्या गेलेल्या या लष्करी मोहिमेनंतरच्या आठवड्यांत रझाकारांच्या पापाचे शासन अनेक ठिकाणी निरपराध मुसलमान रयतेने भोगले. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांच्या समितीने १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थानभर हिंडून जो अहवाल दिला, त्यात कारवाईच्या काळात व नंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मृत्युमुखी पडल्याचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांत हानी सर्वांत अधिक झाली होती. त्याच अहवालात, स्वतःच्या जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद आहे. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्धच झाला नाही.

ही गोष्ट केवळ आपल्या इतिहासाची नाही. ९ जुलै २०११ रोजी स्वतंत्र झालेल्या दक्षिण सुदानात दोनच वर्षांनी यादवी पेटली. पूर्व आफ्रिकेतल्या शेजारी राष्ट्रांच्या ‘इगाड’ या संघटनेने मध्यस्थी करून २०१५ साली करार घडवला, तो २०१६ च्या जुलैत राजधानी जुबातच कोसळला, आणि २०१८ साली पुन्हा नवा करार करावा लागला. तेथेही दोन सेनापती सही करतात आणि गुरे राखणारी, नदीकाठी मासे धरणारी माणसे छावण्यांत निर्वासित होऊन राहतात. शेजाऱ्यांची मध्यस्थी आवश्यक असते, हे मी मानतो. ती नसती तर संहार याहून मोठा झाला असता. परंतु ती पुरेशी नसते.

मराठवाड्याच्या नशिबाने पुढची वाट निराळी निघाली. निजामाला पदच्युत न करता राजप्रमुख करण्यात आले. १९५२ साली निवडून आलेले सरकार आले. आणि मराठीभाषकांच्या एका राज्यासाठी झालेल्या २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारावर देवीसिंह चौहान आदी मराठवाड्याच्या प्रतिनिधींनी स्वतःच्या सह्या केल्या. त्या करारातील नोकऱ्या, शिक्षण आणि विकासनिधी यांच्या आश्वासनांवरून आजही वाद आहेत, अनुशेषाची तक्रार आहे, आणि ती रास्तही आहे. तथापि ती तक्रार आज विधिमंडळात मांडली जाते, मोर्चातून आणि वृत्तपत्रांतून मांडली जाते. १८ मे १९७२ रोजी परभणीला कृषी विद्यापीठ आले, ते लोकांच्या अशाच जोरकस मागण्यांच्या बळावर. स्वतः सही केलेल्या कराराविरुद्ध माणूस शस्त्र उचलीत नाही. तो त्याची अंमलबजावणी मागतो.

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्याच्या गावोगावी मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो, हुतात्म्यांच्या स्मारकांना पुष्पचक्रे वाहिली जातात. ते योग्यच आहे. माझी एकच विनंती आहे, की त्या दिवशी शाळांतून रझाकारीत मारल्या गेलेल्यांबरोबर कारवाईनंतर मारल्या गेलेल्यांचेही स्मरण व्हावे, आणि ज्यांनी शेजाऱ्याला घरात लपवून वाचवले त्यांची नावे ज्या गावांत अद्याप सांगितली जातात, त्या गावांनी ती लिहून ठेवावीत. सुंदरलाल समितीचा अहवाल आता उपलब्ध आहे. तो परभणीच्या प्रत्येक ग्रंथालयात असावा आणि तरुणांनी तो वाचावा.