झाशीला जावं लागतं

चारशेच्या आसपास पानं लिहून झाली होती. लिहिणारी तिशीच्या आतली, नावावर एकही पुस्तक नाही. झाशीच्या राणीविषयी कलकत्त्यात बसून मिळेल ते वाचलेलं, तरी मनाचं समाधान होईना. बंगाली लेखिका महाश्वेतादेवींनी ती सगळी पानं रद्द केली, लहानग्या मुलाला, नवारुणला, घरी ठेवलं आणि थेट झाशी गाठली. बुंदेलखंडात हिंडून लोकगीतं ऐकली, ‘राणी मेलीच नाही’ असं ठामपणे सांगणारी माणसं ऐकली आणि मग पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहिलं. 1956 साली आलेलं ‘झांसीर रानी’ हे त्यांचं पहिलं पुस्तक. ते चरित्र असलं, तरी कथा-कादंबरी लिहिणाऱ्या प्रत्येकाने त्याची ही जन्मकथा मनाशी जपावी.

दुसरा खर्डा करायला बसलो की आपण विशेषणं छाटतो, परिच्छेद वरखाली करतो. हे काम हवंच, पण ते शेवटी. आधी एकेका वाक्याला विचारावं, तू माझं की ऐकीव? ‘ऊन रणरणत होतं, तोफा धडाडत होत्या’ हे वाक्य पुण्यात पंख्याखाली बसूनही लिहिता येतं. भर उन्हाळ्यात झाशीच्या किल्ल्यात कडकबिजली तोफेला हात लावून पाहावा. चटका बसतो. त्या चटक्यातून कथेतला गोलंदाज जागा होतो. ओलं फडकं तळहाताला गुंडाळतो, दात आवळून तोफेला भिडतो. आता ऊन वेगळं सांगावं लागत नाही. विशेषण गळालं, त्या जागी माणूस आला. लिखाण बळकट होतं ते असं.

पण सुधारण्याचा हात जपूनही चालवावा लागतो. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1858 च्या वेढ्यात झाशीतच होते. गोळ्यांचा वर्षाव, लपून काढलेले दिवस, घशाला पडलेली कोरड, सगळं त्यांनी अंगावर झेललं आणि पुढे कित्येक वर्षांनी लिहून काढलं. चिंतामणराव वैद्यांनी ते लेखन 1907 साली ‘माझा प्रवास’ या नावाने छापलं, पण पुष्कळ फेरफार करून. मूळ लेखन दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली वाचकांपुढे ठेवलं. वैद्यांचे उपकार आहेतच. त्यांनीच गोडसे भटजींना लिहितं केलं. तरी मला मूळ पाठच अधिक प्रिय. त्यात दक्षिणेच्या आशेने घर सोडलेल्या गरीब भिक्षुकाचा श्वास जाणवतो. वाक्य अडखळतं तिथे माणूस घाबरलेला असतो. ते अडखळणं सरळ केलं, तर भीतीही जाते.

म्हणून खर्डा हाती घेताना दोन खुणा कराव्यात. जे वाक्य कुणीही लिहिलं असतं, ते निर्दयपणे काढावं. जे फक्त आपल्यालाच सुचलं असतं, ते ओबडधोबड असलं तरी राखावं. आणि पानंच्या पानं पहिल्या प्रकारची निघाली, तर हळहळू नका. ती बाजूला ठेवा, उठा आणि आपल्या कथेची झाशी जिथे असेल तिथे जाऊन या.