धावपट्टीचा मोह

इंजिन बंद पडले की विमान दगडासारखे खाली येते, अशी माझी पक्की समजूत होती. वैमानिक मित्राने एकदा चार आसनी सेस्ना १७२ मध्ये शेजारी बसवले आणि भरपूर उंची असताना मुद्दाम थ्रॉटल मागे ओढला. आवाज एकदम उतरला. मला वाटले, आता हा नाक वर उचलणार. त्याने ते खाली केले! वेग टिकला तरच पंख विमानाला तोलून धरतात. साधारण ६५ नॉट राखले, तर वारा नसताना हजार फुटांवरून हे विमान अडीच किलोमीटरहून अधिक तरंगत जाते. तेवढ्यात शेत हेरायचे, इंधनाची कळ आणि मॅग्नेटो तपासायचे, रेडिओवर ‘मेडे’ पुकारायचे. टेकण्याआधी दार किलकिले करून ठेवायचे, कारण धक्क्याने चौकट वाकली तर ते उघडत नाही. हा दाराचा विचार ज्याने प्रथम केला, त्याला माझा नमस्कार.

उड्डाण होताच इंजिन गेले तर मात्र हाताशी उंचीही नसते आणि वेळही. मागे धावपट्टी असते, ओळखीची, सपाट. मन तिकडेच ओढते. पण वळताना उंची भराभर खर्च होते; घाईने तीव्र वळण घेतले तर पंखांचा आधार सुटण्याची भीती. या मोहापायी कसलेले वैमानिकही गेले आहेत.

५ मार्च २०१५ रोजी हॅरिसन फोर्ड हा अभिनेता, वय ७२, कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाहून १९४२ सालचे रायन विमान घेऊन उडाला. लगेच इंजिनाची ताकद गेली. कार्ब्युरेटरमधले जेट आट्यांतून सुटले होते, असे पुढे चौकशीत निघाले. इंजिनाला पेट्रोल कमी नव्हे, फाजील मिळत होते. फोर्डनेही आधी परत येतो असेच रेडिओवर कळवले. धावपट्टी गाठणार नाही हे दिसताच त्याने तिचा नाद सोडला आणि जवळचे गोल्फचे मैदान धरले. झाडाच्या शेंड्याला धडकून विमान गवतावर आदळले. त्याची हाडे मोडली, जमिनीवर कुणाला इजा झाली नाही.

लोक त्याला नशीबवान म्हणाले. मैदान तिथे होते हे नशीबच. पण परत फिरण्याचा बेत तोंडून निघून गेल्यावर काही क्षणांत मोडणे, हे मला त्याहून अवघड वाटते. बरा झाल्यावर तो पुन्हा विमान चालवू लागला.