‘डी’ नावाचा कप्पा

माणिकपुरात आमच्या थोरल्या बंधूंचे भांड्यांचे दुकान आहे. घरात आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणतो. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, त्या सुमारास दुकानात संगणक आला आणि कीर्द-खतावणी त्यात गेली. अण्णांचे वय तेव्हा पासष्ट. एके संध्याकाळी गल्ला मोजता मोजता त्यांनी मला विचारले, “अरे, ते बॅकअप बॅकअप म्हणतात, ते नेमके काय?” मी बँकेतला अधिकारी, वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर, आणि त्या दिवशी घाईत. “काही नाही अण्णा, हिशोबाची नक्कल करून दुसरीकडे ठेवायची,” एवढे सांगून मी चपला घातल्या.

अण्णांनी ते शब्दशः पाळले. रोज रात्री दुकान वाढवण्यापूर्वी ते हिशोबाची नक्कल ‘सी’मधून ‘डी’मध्ये ठेवू लागले. एकही दिवस चुकला नाही. मग २०१९ च्या मार्चमध्ये, वर्षअखेरीच्या ऐन गडबडीत, संगणक सुरूच होईना. डिस्क निकामी झाली आहे, असे दुरुस्ती करणाऱ्या तरुणाने सांगितले. अण्णा शांतपणे म्हणाले, “हरकत नाही. माझी नक्कल ‘डी’मध्ये आहे.” तो तरुण क्षणभर गप्प राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, “काका, तुमच्या संगणकात ‘सी’ आणि ‘डी’ हे एकाच डिस्कचे दोन भाग आहेत.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. बोलले काहीच नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.

मला सर्वांत जास्त टोचले ते पुढे सांगतो. मी १९८२ मध्ये बँकेत लागलो. तेव्हा खातेवह्या संध्याकाळी अग्निरोधक कपाटात जात. १९८४ मध्ये डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी अहवाल दिला आणि पुढे हळूहळू शाखांतून खतावणीची यंत्रे व संगणक आले. आमच्या शाखेत दिवसाचे काम संपले की खात्यांची नक्कल फ्लॉपीवर घेतली जाई आणि ती मी लोकलने शेजारच्या शाखेत पोहोचवीत असे. कित्येक वर्षे ती फ्लॉपी मी जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून वाहिली. ती दुसऱ्याच इमारतीत का ठेवायची, हे मी कोणाला विचारले नाही. अधिकाऱ्याने असले प्रश्न विचारणे कमीपणाचे वाटे. जे मी स्वतः समजून घेतले नव्हते, ते अण्णांना काय समजावणार?

सुदैवाने अण्णांची जुनी सवय कामी आली. प्रत्येक बिल तारेला टोचून माळ्यावर ठेवलेले होते. पुतण्या, सूनबाई आणि मी, आम्ही तीन आठवडे रोज रात्री बसून सारा हिशोब नव्या संगणकात पुन्हा भरला. कर कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशोब जपावा लागतो. त्यामुळे सोडून देण्याचा प्रश्नच नव्हता.

त्या रात्री अण्णा शेजारी लाल वही घेऊन बसत आणि एकेक शब्दाचा अर्थ विचारून लिहून घेत. या वेळी मी घाई केली नाही. उपमा मात्र बहुतेक त्यांच्याच.

“हार्डवेअर म्हणजे हाताला लागते ते: आपले मेज, कपाट, तराजू. सॉफ्टवेअर म्हणजे कामाची नेमून दिलेली रीत.” हे त्यांना लगेच पटले. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कोण, असे विचारताच ते स्वतःच म्हणाले, “मुनीम!” उपमा अचूक आहे. कोणते कागद कोठे ठेवायचे, कोणाला कधी काम द्यायचे, कोणाला आत येऊ द्यायचे, हे सारे तोच पाहतो. विंडोज, लिनक्स, मोबाइलमधले अँड्रॉइड हे निरनिराळे मुनीम. सी-डॅक या आपल्या सरकारी संस्थेने ‘बॉस’ नावाचा असाच एक मुनीम लिनक्सवर घडवला आहे.

रॅम म्हणजे गादीपुढचे मेज. चालू काम त्यावर पसरलेले असते. वीज गेली की मेज रिकामे. डिस्क म्हणजे कपाट. वीज गेली तरी त्यातले राहते. ‘सेव्ह’ करणे म्हणजे मेजावरचा कागद कपाटात ठेवणे. फाईल ही वही, फोल्डर हे दफ्तर. पडद्यावर दिसणारा शॉर्टकट म्हणजे ‘वही अमुक खणात आहे’ अशी नुसती चिठ्ठी. पेन ड्राइव्हवर शॉर्टकट नेला तर चिठ्ठी जाते, वही दुकानातच राहते.

मग ‘सी’ आणि ‘डी’. “नावे ‘ए’पासून का नाहीत?” अण्णांनी विचारले. सुरुवातीच्या संगणकांत ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखलेली होती, म्हणून आतल्या डिस्कला ‘सी’ मिळाले. फ्लॉपी गेल्या, अक्षरे राहिली. ‘डी’ कधी वेगळी डिस्क असते. पण पुष्कळदा एकाच कपाटाला फळी ठोकून केलेला दुसरा कप्पा असतो. “म्हणजे मी वही एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात ठेवत होतो,” अण्णा म्हणाले, “आणि कपाटच जळाले.” मी मान खाली घालून ‘हो’ म्हटले.

बॅकअपचा अर्थ त्यांनी मग स्वतःच्या शब्दांत लिहिला: ‘दुकान गेले तरी हिशोब उरेल अशी नक्कल.’ आदल्याच पावसाळ्यात, जुलै २०१८ मध्ये, वसईत पाणी भरले होते; त्यामुळे ‘दुकान गेले तरी’ म्हणजे काय, हे तळमजल्यावरच्या व्यापाऱ्याला फोड करून सांगावे लागले नाही. जाणकार सांगतात तो नियम त्याखाली आहे: मूळ धरून तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. नक्कल झाली की बाहेरची डिस्क संगणकापासून काढून ठेवायची. जोडलेली राहिली तर व्हायरस तिच्यातही शिरू शकतो.

व्यापारी बंधु-भगिनींना एवढीच विनंती, की आपल्या संगणकातील नक्कल कोठे जाते ते आज रात्रीच पाहावे. मुलाला, सुनेला, हिशोबनिसाला विचारण्यात कमीपणा नाही. ती न विचारण्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे.

दर शनिवारी सूनबाई एक छोटी डिस्क माझ्या घरी आणून देते आणि आधीची घेऊन जाते. महिन्यातून एकदा अण्णा स्वतः येतात. माझ्या संगणकावर ती डिस्क जोडून जुन्या महिन्याचे एखादे बिल उघडून पाहतात. न उघडणारी नक्कल काय कामाची, असे त्यांचे म्हणणे. बिल दिसले की लाल वहीत तारीख टाकतात आणि मगच चहा घेतात.